एकशे बारा फिती आणि एक वीत

हिलाल खैरनार, शिंपी,
दुकान मरीमाय गल्लीत, पत्र्याचं,
घरपट्टी अठराशे साठ, वृक्षकर धरून.
तो पहिल्यांदा आमच्या लेखा शाखेत आला
तेव्हा मला वाटलं,
शिपायांच्या गणवेशाचं बिल थकलं असेल.

त्यानं अर्ज ठेवला.
दहा रुपयांचं तिकीट इतकं सरळ चिकटवलेलं
की जणू काज करून बटण लावलंय.
बाजारपेठ ते बोरीचा काठ, काँक्रीट रस्ता,
मोजमाप पुस्तिकेची प्रत मिळावी.

मी म्हणालो, रस्ता तर तुमच्या दारात आहे,
पुस्तिका कशाला?
"दारमा शे म्हनीसनच," तो म्हणाला.
"मी मोजेल शे."

पहाटे चारला, गल्ली झोपलेली असताना,
गळ्यातली फीत काढून
नवरा-बायको रस्त्यावर ओणवे झाले होते.
एक टोक त्याच्याकडे, एक लीलाबाईकडे,
दर फितीला खडूची रेघ.
साठ इंची फीत. एकशे बारा वेळा.
वर एक वीत.
म्हणजे एकशे एकाहत्तर मीटर.
आमच्या पुस्तिकेत दोनशे चाळीस.

तिसाव्या दिवशी त्याला कळवलं:
पानं दोनशे चौदा, दर दोन रुपये.
चारशे अठ्ठावीस त्यानं टेबलावर मोजून ठेवले,
बरीचशी नाणी, फॉल-पिकोची.
गठ्ठा मशीनवर ठेवून वाचला
उसवायला आलेल्या कपड्यासारखा,
टाका टाका.
कुठल्याशा पानावर बागेतली चाळीस बाकडी.
बाग अजून नकाशातच हिरवी आहे.
कारंजं, त्यात रंगीत दिवे,
आणि नळाला पाणी दहाव्या दिवशी.
पाणीटंचाईच्या बैठकीला
बाटलीबंद पाण्याचे साडेसहा हजार.
इथं तो हसला म्हणतात.
लीलाबाई हसली नाही.
"एकदा चालू त करा म्हना ते कारंजं,
धुनं त धुई लेसू तठे."

सभेत अध्यक्ष म्हणाले,
फितीनं ब्लाऊज मोजतात हो, रस्ते नाही.
सगळे हसले.
मीही, कोपऱ्यात, इतिवृत्त लिहिता लिहिता.
हिलाल मागच्या रांगेत उभा राहिला.
"पोलकं तंग व्हयनं त बाई परत येस.
रस्ता तोकडा व्हयना त
कोन परत येस?"
पंखा तेवढा फिरत होता.
मी लिहिलं: चर्चा झाली.

मग धुळ्याहून लेखापरीक्षक आले.
दोन दिवस राहिले, शेवभाजीला नावाजून गेले,
मागे एक ओळ ठेवली:
मोजमापात किरकोळ तफावत.
किरकोळ म्हणजे एकोणसत्तर मीटर.
तेवढ्यात आमची शाखा, जिना, सायकल स्टँड
आणि साहेबांची गाडी आडवी मावते.

त्या गठ्ठ्यात एक पान असंही आहे
ज्याच्या तळाशी 'तपासले, बरोबर आढळले',
खाली एक आखूड सही.
ती सही मी चहाचा कप खाली न ठेवता करतो.
बावीस वर्षं करतोय.
रस्त्यावर मात्र, खरं सांगतो, गेलो नव्हतो.

दिवाळीला पँटचं कापड घेऊन
त्याच्याच दुकानात गेलो. दुसरा शिंपी नव्हता असं नाही.
गठ्ठा फळीवर होता, अस्तरांच्या ताग्याखाली,
एका पानात खुणेला पिवळा दोरा.
त्यानं ते पान काढलं नाही.
ओठांत टाचण्या धरून कमर घेतली, उंची घेतली,
आणि प्रत्येक वेळी
फितीवरचा आकडा माझ्या डोळ्यांपुढे धरला.
"पाही ल्या भाऊसाहेब, मंग लिखस."

शेवटी विचारलं, जसं प्रत्येकाला विचारतो तसं,
खिसा किती खोल ठेवू?
मला पटकन बोलता येईना.
नेहमीसारखा, म्हणालो.
त्यानं वहीत लिहिलं: साडेसहा.
पुढे माझं नाव, तारीख.
कुठेही खाडाखोड नाही.