सात ओळींचा फळा

साडेनवाच्या एसटीतून ड्रायव्हर पेपर फेकतो,
गाडी न थांबवता.
कधी तो चिखलात पडतो, कधी शेणात.
आज नेमका पायरीवर आला.
सरकार नवं असलं की पेपर जड लागतो हाताला,
निदान मला तरी.

वाचनालयाच्या भिंतीला फळा आहे.
जुन्या सेलमधली काळी पूड खलून
दर दिवाळीत मीच तो काळा करते.
त्यावर सात ओळी मावतात.
आठवी लिहायची तर खाली वाकावं लागतं,
आणि माझी कंबर काही सरकारी नाही.

दिल्लीत पहिल्याच बैठकीत अठरा निर्णय झाले.
अठरातले सात निवडायचे.
अध्यक्ष नथ्थूजी खिरटकर म्हणतात,
"निवड तू कर, शिव्या मी खातो."
अजून एकही खाल्लेली नाही.

पहिली ओळ : घरोघरी नळ.
"मांगच्या खेपेलेबी हेच होतं व,"
सायकलवरून न उतरता वाघूजी म्हणाला.
"अक्षर बरं नव्हतं तेव्हा," मी म्हटलं.
दुसरी : आणखी चाळीस विमानतळ.
तिसरी : शिक्षकांच्या रिकाम्या जागा भरणार.
शाळेतले एकटे गुरुजी त्या ओळीसमोर
चहा निवेपर्यंत उभे राहिले, मग
घंटा वाजवायला स्वतःच गेले.
चौथी, पाचवी घाईघाईत. कर, कपात, कोटी.

सहावी परराष्ट्राची :
शेजारी देशाशी बोलणी पुन्हा सुरू.
आमच्या गावाला परराष्ट्र म्हणजे नदीपलीकडचं राज्य.
तिथला बँड लग्नात लागतो, तिथली सून घरात,
आणि श्रावणात डोंगा बंद झाला
की मग खरोखरच परदेश.

सातव्या ओळीला खडू नखाएवढा उरला.
लिहिलं : आखातातल्या मजुरांचे पासपोर्ट
मालकाला ठेवून घेता येणार नाहीत,
तसा करार करणार.
करणार हा शब्द रोजचा आहे माझा.
त्यातला ण डोळे मिटूनही वळतो.

दुपारी पोसक्का आली,
चुन्याच्या भट्टीवरून, भुवया पांढऱ्या.
तिचा पोचम तीन वर्षांपूर्वी पाइप जोडायला गेला,
तिकडे फरश्या पुसतो.
"अक्का, ते पासपोर्टाची ओळ कोणती?"
मी बोट ठेवलं.
"देऊन रायले का?"
"देणार."
"कधी?"
मी पेपर उलटून पाहिला.
मागच्या पानावर सोन्याचा भाव होता.

तिला फोटो काढून पाठवायचा होता.
पण पोचमच्या खोलीत अकरा जण,
सगळे नदीपलीकडचे,
त्यांना आपलं हे वरून रेघ मारलेलं अक्षर येत नाही.
मी तो खडू तिला दिला.
मी हळूहळू वाचत गेले, ती खाली बसून लिहीत गेली,
चौथीपर्यंतचं तिचं तेलुगू,
परातीत भिजवलेल्या वाटाण्यासारखी गोल गोल अक्षरं.
शेवटी थांबली.
करणारपाशी.
चुन्याच्या बोटानं कपाळ खाजवलं
आणि एकच शब्द लिहून उठली.

"काय लिहिलंस?"
"चेस्तारंट."
"म्हणजे?"
"करतीन म्हंते."

मी वर पाहिलं. माझ्या सातही ओळी,
ठळक, सरळ,
एकीतही म्हणते नव्हतं.

फोटो गेला. दोन निळ्या खुणा लगेच आल्या नाहीत,
तिकडे पाळी सुरू असेल.
नथ्थूजी आले, चष्मा पुसून वाकून पाहिलं,
"हे खाली जिलेबी कोणाची?"
"परराष्ट्र खात्याची," मी म्हटलं.
ते हसले नाहीत. पुसून टाक म्हणाले,
अनुदानाचे साहेब येतात कधी कधी.

संध्याकाळी ओल्या फडक्यानं सात ओळी पुसल्या.
आठवीपर्यंत वाकवत नाही,
असं त्यांना सांगितलं.