कंबर आधी

जावयानं पुण्याहून जुन्या काठ्यांची पिशवी आणली,
त्यातली एकच ठेवून घेतली मी, सात नंबरची.
सावद्याच्या शिवेवर केळी कापून मोकळा झालेला
दीड बिघ्याचा तुकडा, तेच माझं गोल्फचं मैदान.
चेंडू सतरा. ढेकळावर एकेक ठेवायचा.

चौतीस वर्षं पोरांना भूमिती शिकवली,
त्रिज्या, चाप, स्पर्शिका,
पण चेंडूसमोर उभं राहिलं
की सगळं गणित मनगटात गोळा व्हायचं.
दात आवळून हाणायचो.
माती उडायची, बगळे उडायचे,
चेंडू जागच्या जागी,
शेवटच्या बाकावरच्या पोरासारखा निवांत.

बांधापलीकडे दिल्लीचा ट्रक भरत होता.
सायबू तडवी घड उचलत होता.
उचलत? नाही, हा शब्दच खोटा.
काठीवर रेलून मी तासभर पाहिलं:
कंबर ट्रककडे निघालेली,
खांदे अजून राशीजवळ,
आणि हात तर कुठल्या कुठं मागे,
वऱ्हाड निघालं तरी चपला शोधणाऱ्या मामासारखे.
मग सगळं एकदम पोचायचं,
घड वरच्या माणसाच्या छातीशी, अलगद.

"मास्तर, हाताले काहून तरास देता?
हात निस्ता धरायले. फिरायले कंबर हाये."

मी काठी पुढं केली.
त्यानं कुऱ्हाडीसारखी धरली.
पहिला घाव वाऱ्याला. सगळे हसले, तोही.
दुसऱ्याला वाळकं लाकूड उकलावं तसा आवाज झाला
आणि चेंडू पाटचारीवरून
डिगंबर भंगाळ्यांच्या केळीत गेला.
ड्रायव्हरनं हॉर्न दिला. सायबू परत राशीकडे.

मग महिनाभर मी तेवढंच घोकलं:
वजन उजव्या टाचेवर,
डावा खांदा हनुवटीखाली,
वर जरासं थांबायचं,
वाफ्यात वळण्याआधी पाणी थांबतं तेवढंच,
आणि आधी डावी कंबर. फक्त कंबर.
एका सकाळी आठवा चेंडू गेला.
मारल्याचं मला कळलंसुद्धा नाही.

धावत सांगायला गेलो.
सायबू पिंपाला टेकून बसलेला,
कमरेला बायकोचं जुनं लुगडं आवळून.
"गेला ना? जाईनच," म्हणाला.
"मले राती कूस पालटाले दोन माणसं लागता."

माझा चेंडू शेहेचाळीस ग्रॅमचा.
त्याचा घड वीस किलोचा, दिवसाला दोनशे.
हे गणित मला तोंडपाठ येतं,
पण तेव्हा तोंड उघडलं नाही.

अकरा महिन्यांनी भंगाळ्यांची कटाई झाली.
सायबू आता उचलत नाही, घड मोजतो, वहीत रेघा ओढतो.
संध्याकाळी ओट्यावर येऊन त्यानं
मुठीतलं काही माझ्यासमोर ठेवलं.
पानाच्या बेचक्यात सापडलेला,
चिकानं काळपट, एका बाजूनं हिरवा.
"हे तुमचं फळ."

चेंडू पुन्हा सतरा झाले.
तो एक मी मारत नाही.