दहातला एक

पिंजऱ्यात घालायचं तूस
आमच्याच गावच्या राइस मिलचं.
वाफेच्या यंत्रातून निघालं की
त्याला धानाचा वास येत नाही,
कशाचाच येत नाही.

लाखांदूर रस्त्याला औषधांचं कॉलेज.
त्याच्या मागे, जिथं एसी रात्रंदिवस घरघरतो,
तिथं मी साडेसातला चपला बाहेर काढते.
टोपी, मास्क, हातमोजे.
मग एकेकाला शेपटीच्या बुडाशी धरून काट्यावर.
दोनशे बारा. दोनशे आठ. एकशे नव्वद.
शेपटीवर निळ्या शाईच्या रेघा, त्यावरून नंबर.
नाव ठेवू नका असं कुणी सांगितलं नव्हतं,
तरी ठेवलं नाही.

चार गट, दहा-दहाचे.
एकाला नुसतं डिंकाचं पाणी,
बाकीच्यांना डिंकात घोटलेलं ते,
थोडं, मधलं, जास्त.
जबड्याच्या कॅन्सरसाठी आहे म्हणतात.
यांच्या जबड्यात काहीच नाही.
ज्याला दुखणं नाही त्याला औषध काय करतं,
तेच पाहायचंय.

कोशे मॅडमनी एकदा भिंतीला टेकून समजावलं.
दहातल्या एकाच्या जिवावर बेतेल एवढा डोस शोधायचा,
त्याचा दहावा हिस्सा काढायचा,
तो माणसाच्या मापात बसवायचा,
आणि तिथून पहिल्या माणसाला सुरुवात.
म्हणजे खंडीवरून कुडव, मी म्हटलं.
त्या हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, हो, तसंच काहीसं.

मला सात्या आठवल्या.
रानातून आणलेल्या, ओळख न पटलेल्या,
आधी शिजवून कुत्र्याला घालायच्या
आणि अंधार पडेपर्यंत त्याच्याकडे बघत बसायचं.
शेपूट हलवत आलं की आमची ताटं.
कुत्र्यानं किती खाल्लं होतं
ते कुणी लिहून ठेवलं नाही.

एकोणिसाव्या दिवशी अडतीस नंबर कोपऱ्यात.
केस उभे, पाठीला कुबड,
डोळ्यांभोवती लाल.
रक्त नाही ते, मॅडम म्हणाल्या,
त्रास झाला की यांच्या डोळ्यांतून तसलंच पाणी उतरतं.
रजिस्टरात त्याला लांबलचक इंग्रजी शब्द आहे.
मी मराठीत लिहिलं: रडला.
मॅडमनी खोडलं नाही,
शेजारी आपला शब्द लिहिला.

संध्याकाळी बसस्टँडवर ऋषी लांजेवार.
खर्र्याचा ठेला त्याचाच, आता पोरगा पन्नीवर सुपारी घोटतो.
हा बाकावर, गालाला रुमाल,
अर्धा जबडा नागपूरला ठेवून आलेला.
"आलं का वं तुमचं औषध?"
अजून उंदरं घेऊन राहिलेत, मी म्हणते.
"सांग त्याइले, मी तयार आहो.
दहातला तो एक, मले धरा."
शब्द रुमालात सांडतात, तरी कळतात.
अडतीसचं मी त्याला सांगितलं नाही.
सांगितलं असतं तर त्यानं विचारलं असतं,
बाकीचे नऊ कसे आहेत.
पोरगा पुडी बांधून देतो.
घरी एक माणूस तिची वाट पाहत असतो,
मी घेते.

एकोणतिसाव्या दिवशी सगळे.
जास्तवाले, मधले, थोडेवाले,
आणि डिंकाचं पाणी प्यायलेलेसुद्धा.
त्यांना काहीच झालं नव्हतं,
म्हणूनच ते लागतात.
काहीच न झालेलं काळीज,
काहीच न झालेलं यकृत कसं दिसतं
ते शेजारी ठेवून बघायला.
ओल्या कौलाचा रंग होता त्याला.
वजन मी सांगितलं, मॅडमनी लिहिलं.
दशांशचिन्हाच्या पुढचे तीन आकडे
मी दोनदा सांगितले.

वापरलेलं तूस शेतात टाकायचं नाही, जाळायचं.
पिशव्यांची तोंडं बांधली, पिंजरे धुतले,
नवं तूस पसरताना
मिलच्या दातांतून सुटलेला एक अख्खा दाणा निघाला.
वाफेतून गेलेला. उगवणार नाही.
परत टाकला तुसात, कुणीतरी खाईल.
सोमवारी नवे येणार आहेत,
चाळीस.