दुरुस्ती

कादंबरीत मी आईला रडवलं,
पाचपावलीच्या फाटकापाशी,
बाबा गेले त्या संध्याकाळी.
नाव बदललं होतं, तरी तिनं ओळखलं.

चष्मा कपाळावर सारून म्हणाली,
"रडली कुठं वं मी?
कूलरच्या तट्ट्या द्याच्या होत्या सकाळी,
चाळीस. इतवारीचा माणूस
थांबते का कोणासाठी?"

मे होता. आमच्या घरी कूलर नव्हता.
ओल्या गोणपाटाखाली आम्ही बहिणी,
वाळ्याच्या काड्या तिच्या नखांत,
आणि ती मोजत होती : सदतीस, अडतीस...

मी ते वाक्य खोडलं.
"मग काय लिहू?"
"लिही, दोन कमी पडल्या.
पैसे कापले त्यानं."

दूध बघते म्हणून उठली.
बराच वेळ आली नाही.