उरलेला दगड

देऊळ उतरवायचं ठरलं तेव्हा
शिखर दक्षिणेला वीतभर कललं होतं.
खानापूरच्या पुढं, ओढ्यापल्याड, जांभ्याच्या टेकाडावर.
कदंबांच्या काळचं म्हणतात.
कुणाच्या हातचं, ते कुठंच कोरलेलं नाही.

नंबर घालायला आम्ही दोघं.
मी सातेरी गुरव, नंदगडचा,
आणि बैलहोंगलचा बसवण्णेप्पा बडिगेर.
पांढऱ्या रंगाचा एक डबा, दोन कुंचले.
उत्तरेची बाजू माझी, दक्षिणेची त्याची.
मी मराठी आकडे घातले, त्यानं कानडी.
आठ दिवसांनी साहेब आले
आणि छज्जाखाली मटकन बसले.

दोन, तीन, चार दोघांचे जवळपास सारखेच असतात.
पाचापासून वाटा फुटतात.
बसवण्णेप्पा म्हणाला, "असू दे की साहेब,
दगड कुठं कुठल्या शाळेत गेलाय?"
मग एक वही केली. डावीकडे माझे, उजवीकडे त्याचे.
साहेब रोज रात्री कंदिलाशी ती पाठ करायचे.

शिळा खाली येऊ लागल्या तसं कळलं,
देवळालाही पाठ असते.
पुढून हंसांची रांग, चोचीत चोच,
मागून नुसते टाकीचे घाव,
घाईचे, घामाचे, कसेही.
एका शिळेच्या पोटात अर्धं कमळ सापडलं.
सात पाकळ्या नीट, आठवीला टवका उडालेला.
त्यानं शिवी हासडली असणार, कुठल्या भाषेत कोण जाणे,
आणि दगड उलटा करून
दुसऱ्या अंगाला पहिल्यापासून सुरुवात केली असणार.
ती बाजू आठशे वर्षं लोकांनी पाहिली.
ही आम्ही चौघांनी, एका सकाळी,
चहा थंड होईपर्यंत.

मंडपाचे खांब मात्र उतरवताना जीव धाकधूक झाला.
चरकावर घासलेले, काळे, इतके गुळगुळीत
की दोरखंड लावायला हात धजेना.
खांबाच्या कंगोऱ्यात मी उलटा दिसत होतो,
माझ्यामागं उलटा बसवण्णेप्पा,
आणि त्याच्यामागं उलटं आभाळ, त्यात एक घार.

दोन वर्षांत देऊळ पुन्हा उभं राहिलं.
ओळंबा सरळ. कळस बसला. नारळ फुटला.
आणि फणसाखाली एक दगड उरला.

हातभर लांब, एका कडेला उतरता.
नंबर नाही. ना माझा, ना त्याचा.
वही तीनदा वाचली.
मी म्हटलं, तुझ्या बाजूचा.
तो म्हणाला, "इल्ला, तुझ्या."
तीन दिवस बोललो नाही, जेवायला एकाच पंगतीत.

चौथ्या दिवशी तो त्या दगडावर बसून तंबाखू मळत होता.
म्हणाला, "सातेरी, ह्यो तेव्हाबी उरलेला असंल बघ.
त्या मिस्त्रीनं वरच्यांना काय सांगायचं म्हणून
शिखराच्या पोटात भरून टाकला."
खरं की खोटं, कुणाला विचारणार?
शिखर तर आता बंद झालेलं.

साहेबांची जीप ओढ्याशी आली तसा
बसवण्णेप्पानं डब्याच्या तळातला रंग खरवडला
आणि दगडावर एक शून्य काढलं.
"हे दोघांचं एकच," म्हणाला.
साहेबांनी पाहिलं. वही उघडली.
शून्य त्यात नव्हतं.
वही मिटून ते देवळाभोवती एक चक्कर मारून आले,
आणि पायऱ्या छान झाल्यात, एवढंच म्हणाले.

परवा लग्नाच्या निमित्तानं त्या बाजूला गेलो होतो.
आमचे सगळे आकडे धुऊन गेलेत,
कुठली शिळा कुणाची ते आता मलाही सांगता येणार नाही.
शून्य आहे, जरा पिवळं पडलेलं.
पुजाऱ्याच्या सुनेनं त्यावर तेलाची बाटली ठेवली होती
आणि शेजारी वाळत घातलेल्या कोकमांवर
एक काठी घेऊन ती माकडं राखत होती.
मला म्हणाली, "बसा की मामा, तो दगड मोकळाच असतो,"
आणि बाटली उचलली.