चार जोड चपला

रामबागेत, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यामधल्या वळणावर
माझं लोखंडी कपाट अडकलं ते मंगळवारी.
हमाल म्हणाला, ‘भिया, ये तो फँस गई,’
घाम पुसला, पैसे अर्धेच घेतले
आणि उरलेलं वजन आमच्यावर सोडून निघून गेला.

तेव्हापासून वरचे सगळे पोट आत ओढून, आडवे होऊन जातात.
चपला खाली, मीटरच्या पेट्यांपाशी.
अनवाणी माणूस जरा बारीक होतो,
असं बऱ्हाणपूरकर काकूंचं मत.

बुधवारी वीज गेलेली. घाईत पाय सरकवले,
आणि दूधवाल्याच्या दुकानापाशी कळलं, या माझ्या नाहीत.
वामन मुळ्यांच्या. पाणीपुरवठ्यात हयात गेली त्यांची.
टाचा बाहेरच्या बाजूने झिजलेल्या,
त्यांत पाय आपोआप मोजूनच पडतो.
परत आले ते आकडे घेऊन:
कपाट साडेसहा फूट, वळण पाच.
पुढे काही नाही. मुळे पुढचं बोलत नसत.

मग मला चटकच लागली.
गुरुवारी काकूंची स्लीपर घातली, मुद्दाम,
पट्ट्याला सेफ्टी पिन लावलेली,
आणि जिना एकदम खोल झाला.
कठडा हलतोय. मुलांची बोटं सापडतील.
रात्री आग लागली तर?
इतकी वर्षं मी त्यांना भित्र्या म्हणायचे;
कठडा खरंच हलत होता.

चिन्मूचे फुटबॉलचे बूट निम्मेच गेले पायात,
टाचा बाहेर, मी भिंत धरून उभी.
पण हसू आलं, आणि हसण्याच्या मागोमाग हे:
वरच कशाला न्यायचं? वजनाला खाली जायला आवडतं.

शनिवारी पुन्हा वाकले चपलांवर,
आता कुणाची, म्हणून.
मुळे, काकू, चिन्मू, मी.
मोजून झालं तरी काहीतरी कमी.
तिसऱ्या मजल्यावरच्या छाजेड वहिनींची जोडी नव्हती.
मंगळवारपासून नव्हती.

सातवा महिना. पोट आत ओढायचं म्हणजे कुठे ओढायचं?
आणि आम्ही चार दिवस त्या वळणावर
फूट मोजत होतो.

तासाभरात काकूंचा तो हलता कठडा
मुळ्यांनी चार नट काढून बाजूला ठेवला.
कपाट मोकळ्या हवेत कललं, वळलं,
दोरावर कुरकुरत उतरलं, चिन्मू पुढे ओरडत.
खालीच आहे अजून. माझ्या साड्या ट्रंकेत.
त्याच दुपारी कठडा परत बसवला, घट्ट.

संध्याकाळी मीटरखाली एक जोडी आली,
सुजलेल्या पायांसाठी पट्टा शेवटच्या भोकात.

ती मी घालून पाहिली नाही.
शेजारी माझ्या काढून ठेवल्या,
उगाच सवयीने,
आणि अनवाणी वर गेले.