साडेदहा नंबर

दुलुथला, सरोवराच्या काठी, माझं जोड्यांचं दुकान आहे,
बापाने मागे ठेवलेलं. दारावरची घंटाही त्याचीच.
एका मार्चमध्ये, बर्फ काळं पडलं होतं तेव्हा,
कुबड्या आपटत दोघं आत आले.
ओळख काय ती इस्पितळातल्या रांगेतली.
ऑर्विल प्रुइट, डावा पाय नाही.
कीनन लाशॅपेल, उजवा नाही, अगदी खुब्यापासून.
नंबर दोघांचा एकच : साडेदहा, रुंद.

"जोडा एकच द्या," कीनन म्हणाला, "पैसे निम्मे निम्मे."
मी पातळ कागद सोडवला,
एक याच्या हातात दिला, एक त्याच्या.
खोका कुणी न्यायचा यावर मात्र
पाच मिनिटं हुज्जत.

सहा वर्षं हेच चाललं. वर्षाला एक जोडा,
माझ्या वहीत एका ओळीत दोन नावं.
आणि दर वेळी काउंटरवर राष्ट्राध्यक्ष.

ऑर्विलच्या टोपीवर त्यांच्या नावाची पट्टी.
तो जुन्या, वाळवंटातल्या लढाईचा.
जखम तिथली, पाय कापला तो वीस वर्षांनी,
मग तो युद्धाने गेला की साखरेने
यावर फाईल अडलेली.
"जोडे झिजवले मी त्या कचेरीत," तो म्हणायचा.
"जोडा," कीनन म्हणायचा. "एकच."

कीनन एका पायावर तयार झाला होता भरती व्हायला,
हे त्याच्या आईचं वाक्य; नंतर तिने ते कधी उच्चारलं नाही.
त्या डोंगराळ देशात याच राष्ट्राध्यक्षांनी
आधी जादा पलटणी धाडल्या,
मग एका ऑगस्टमध्ये काढता पाय घेतला.
कीननचा दुभाषा झमराय तिकडेच राहिला.
त्याला पाठवलेला शेवटचा निरोप
कीनन अजून उघडून बघतो :
एकच खूण, राखाडी.

निवडणूक आली. घरोघर गुळगुळीत पत्रक पडलं,
'आमची कारकीर्द', चौदा मुद्दे.
नववा मुद्दा, माजी सैनिकांच्या तुंबलेल्या फायली निम्म्यावर.
आणि ते खरं होतं.
ऑर्विलची फाईल त्यातच सुटली.
चौथा मुद्दा, सैन्य सन्मानाने माघारी.
कीननने नखाने त्या ओळीवर रेघ ओढली,
कागद फाटेपर्यंत नाही. नुसती रेघ.

मी मत कुणाला दिलं ते सांगणार नाही.
गिऱ्हाईक दोन्हीकडचं आहे.

जूनमध्ये ऑर्विल चालत आला.
चालत. हात मोकळे, त्यांचं काय करावं त्याला कळेना,
शेवटी खिशात घातले.
"दोन्ही दे," म्हणाला, आणि लाजला,
जणू जेवणावळीत दुसऱ्याचं ताट ओढलं.
मी वहीत एकच नाव लिहिलं.
खोका त्याने मुकाट उचलला.

कीनन त्या वर्षी आला नाही.
सपाता घालून हिंडतो, असं कुणी म्हणालं,
हिवाळ्यात, दुलुथच्या हिवाळ्यात.
माझ्याकडे सुटा जोडा विकायची सोय नाही;
कारखाना ऐकत नाही, मी दोनदा विचारून पाहिलं.

पुढच्या मार्चमध्ये दोघं एकत्र दारात.
ऑर्विलने पिशवीतून डावा काढला, वर्षभर घातलेला,
त्या कार्बनच्या पावलावर.
टाच थोडी घासलेली, बाकी टवका नाही.
कीननने आत हात घातला, चाचपलं.
बोटांचे खळगे नाहीत, घामाचा डाग नाही,
तळवा कोरा करकरीत.
"यात कुणी राहिलंच नाही," तो म्हणाला.
ऑर्विल छताकडे बघत होता.

मग कीनन बाकावर बसला, नाडी आवळली,
कुबडीवर उठून खिडकीपर्यंत गेला, परत आला.
"चावतो," म्हणाला.
"महिनाभर चावेल," मी म्हटलं. "चामडं नवंच आहे."
"वर्ष झालं की याला."
"झालं. पण ज्याने घातला
त्याला कुठे चावला?"